आईचे १९ आणि बाबांचे २७

वाचकाचे पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, थोडक्यात):

मी ४६ वर्षांची असून नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. माझे आईवडील पंचवटीतील आमच्या जुन्या घरात दोघेच असतात. आई ७३ वर्षांची, चौथीपर्यंत शिकलेली. बाबा ७९ वर्षांचे, सरकारी कार्यालयातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. डिसेंबरात त्यांच्या भागात ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य शिबिर झाले आणि तेथे दहा मिनिटांची स्मरणशक्तीची चाचणी घेण्यात आली. बाबांना ३० पैकी २७ गुण मिळाले, आईला १९. मी जवळच उभी होते. आई चष्मा घरी विसरली होती, आणि तारीख विचारल्यावर तिने "आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार" असे उत्तर दिले. तपासणाऱ्या मुलीने तिच्या कागदावर "डिमेन्शिया? न्यूरोला दाखवा" असे, म्हणजे स्मृतिभ्रंशाची शंका आहे, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, असे लिहून दिले. आईने गेल्या दोन महिन्यांत दोनदा दूध उतू घालवले, ती टीव्ही मोठ्याने लावते आणि सांगितलेले पुन्हा विचारते, हे खरे आहे. तरी गल्लीतील १४ जणींची भिशी अजून तीच चालवते. पुण्याच्या भावाचे म्हणणे असे की आईचा गॅस बंद करून डबा लावावा, दोघांना पुण्याला न्यावे आणि आईच्या नावावरचे घर आताच त्याच्या नावावर करून घ्यावे. बाबा ठणठणीत आहेत, फक्त थोडे गप्प झाले आहेत. दिवाळीपासून त्यांच्या गोळ्या आईच हातावर ठेवते, बँकेतही हल्ली तीच सोबत जाते. एका मुदत ठेवीचे नूतनीकरण त्यांच्याकडून राहून गेले. मागच्या महिन्यात रविवार कारंजावरून घरी यायला त्यांना अडीच तास लागले, पण बस मिळाली नाही असे ते म्हणाले. आई मात्र शिबिरापासून खचली आहे. परवा मेथी निवडता निवडता म्हणाली, "मी येडी झाले का गं?" मी काय करू? एमआरआय करून घ्यावा का? दोघांच्या कागदांचे फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर:

नमस्कार.

कागदांचे फोटो पाठवलेत हे फार बरे केलेत. अशा कागदावर एकूण गुण खाली मोठ्या आकड्यांत लिहिलेले असतात आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे तेथेच खिळतात. मी आधी तो आकडा बोटाने झाकला आणि वरचे रकाने एकेक करून वाचले, कारण गुण किती गेले यापेक्षा ते कोठे गेले यावरून बरेच काही कळते.

आईचे ११ गुण गेले आहेत. त्यांतले २ तारीख आणि महिना यांचे. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार हे उत्तर देणारी बाई काळाचे भान हरपलेली असू शकत नाही. तिचे पंचांग कागदावरच्या रकान्यात बसत नाही, एवढेच. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याच्या प्रश्नात ४ गुण गेले; ती त्र्याण्णववर थांबली. लिहिलेली सूचना वाचण्याचा १ गुण चष्म्यापायी गेला. मनाने एक वाक्य लिहिण्याचा १ गेला, कारण तिने फक्त स्वतःचे नाव लिहिले. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढण्याचा १ गेला. चौथीनंतर पाटी बाजूला ठेवून साठ वर्षे चूल, शेत आणि संसार सांभाळलेल्या हाताला भूमितीची आकृती काढायला लावली, तर तो हात अडखळणारच. हे झाले ९ गुण. उरलेले २ मात्र मी असेच सोडून देणार नाही. सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन तिला थोड्या वेळाने आठवले नाहीत, आणि त्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत, रुग्णालयातील रुग्णांची मानसिक स्थिती झटपट तपासता यावी म्हणून तयार झाली. ती वाईट नाही. आजही जगभर वापरतात. परंतु तिचे गुण वयाबरोबर आणि त्याहूनही शिक्षणाबरोबर वरखाली होतात, हे तेव्हापासून वारंवार दिसून आले आहे. आपल्याकडे हरयाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींपुढे हीच अडचण उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिचे हिंदी रूप बेतले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे, आणि "डोळे मिटा" ही सूचना कागदावर वाचायला देण्याऐवजी तपासनीसाने स्वतः डोळे मिटून तसेच करायला सांगायचे, असे ते बदल होते. तुमच्या आईला शनिवार, शुक्रवार, गुरुवार असे उलटे म्हणायला सांगून पाहिले असते, तर आजचे पत्र कदाचित तुम्ही लिहिलेच नसते.

याचा अर्थ कमी शिकलेल्या माणसाला हा आजार होत नाही, असा कृपा करून काढू नका. खरे तर उलट आहे. देशभरातील वृद्धांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया आहे, आणि स्त्रियांमध्ये व शिक्षण कमी असलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. म्हणून आईची तपासणी व्हायला हवीच. माझी तक्रार एवढीच आहे की दहा मिनिटांच्या चाळणीत अडकलेल्या माणसाच्या कागदावर, प्रश्नचिन्ह लावून का होईना, आजाराचे नाव लिहून ते त्याच्याच हाती देणे हा उतावळेपणा आहे. चाळणीत अडकलेले पुढे नीट तपासायचे असते, आणि चाळणीतून खाली पडलेले सगळेच स्वच्छ असते असेही नाही. हे दुसरे वाक्य तुमच्या बाबांविषयी आहे.

बाबांचे फक्त ३ गुण गेले आहेत, म्हणून त्यांच्या कागदाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. पण ते तीनही गुण एकाच रकान्यातले आहेत: सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही शब्द त्यांना काही मिनिटांनी आठवला नाही. वजाबाकी पाचही पायऱ्यांपर्यंत बिनचूक, वाक्य वळणदार अक्षरात, पंचकोन छापल्यासारखे. आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला ही कामे हातचा मळ असतात आणि स्मृती क्षीण होऊ लागल्यावरही ती बराच काळ टिकतात. या चाचणीत नवे लक्षात ठेवण्याला ३० पैकी जेमतेम ३ गुण आहेत. ते सगळे गेले तरी २७ उरतात आणि घरात "बाबा ठणठणीत" हे वाक्य रूढ होते. तीन शब्द विसरणे म्हणजे आजार, असे मी मुळीच म्हणत नाही. शिबिराच्या गोंगाटात, थकव्यात किंवा मन उदास असताना कोणाचेही असे होऊ शकते. मात्र त्या रकान्याशेजारी तुमच्याच पत्रातील इतर वाक्ये ठेवून पाहा.

रविवार कारंजा ते पंचवटी हे अंतर आपण नाशिककरांना सांगायला नको. होळकर पूल ओलांडला की पंचवटी. एकोणऐंशी वर्षांचा माणूस फार तर रिक्षा करील; अडीच तास बसची वाट पाहणार नाही. ज्यांनी उभा जन्म इतरांचे हिशेब तपासले, त्यांच्याकडून स्वतःच्या मुदत ठेवीचे नूतनीकरण राहून गेले. गोळ्या दुसऱ्याने हातावर ठेवाव्या लागतात. बँकेत सोबत लागते, आणि सोबत जाते कोण, तर जिने आजवर बँकेची पायरीही क्वचित चढली असेल अशी बायको. ही सगळी वाक्ये तुम्ही बाबांविषयीच्या काळजीने लिहिलेली नाहीत, जाता जाता लिहिली आहेत. मला मात्र पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच वाटला.

डॉक्टर जेव्हा डिमेन्शियाचे निदान करतात, तेव्हा स्मरण, लक्ष, भाषा, नियोजन यांत घट झाली आहे एवढ्यावर ते थांबत नाहीत. त्या घटीमुळे रोजचे व्यवहार पूर्वीसारखे स्वतंत्रपणे करता येईनासे झाले आहेत का, हे पाहावे लागते. चाचणीत घट दिसते पण माणूस आपले व्यवहार स्वतः निभावतो आहे, अशा अवस्थेला सौम्य बोधात्मक घट म्हणतात, आणि ती असलेला प्रत्येक जण पुढे डिमेन्शियाकडे जातोच असे नाही. म्हणजे निदानाचे निम्मे उत्तर घरात, गल्लीत आणि बँकेच्या रांगेत असते.

हे व्यवहार मोजण्याच्याही पट्ट्या आहेत. १९६३ साली आलेल्या एका पट्टीत आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठबस, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे अशा सहा मूलभूत गोष्टी आहेत. त्या सहसा उशिरा बिघडतात. १९६९ सालच्या दुसऱ्या पट्टीत फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैसे असे आठ अधिक गुंतागुंतीचे व्यवहार आहेत, आणि पहिली ठेच बहुधा यांतच लागते. गंमत म्हणजे या दुसऱ्या पट्टीत पुरुषांना मुळात स्वयंपाक, घरकाम आणि कपडे हे तीन प्रश्न विचारायचेच नाहीत असे ठरले होते. आपल्याकडे ही कामाची वाटणी आणखी कडक असते. आईला एटीएममधून पैसे काढता येत नाहीत ही तिची घट नाही, ते तिने कधी केलेलेच नाही. बाबांना भात लावता येत नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही. प्रश्न नेहमी असा हवा: हा माणूस जे पूर्वी सहज करीत असे, ते आज कसे करतो? बल्लभगडच्याच अभ्यासकांनी आपल्या खेड्यांना साजेशी व्यवहारांची प्रश्नावली नंतर तयार केली. तिच्यात गावात वाट चुकते का, दिलेला निरोप नीट पोहोचवला जातो का, मोठ्या सणांची आठवण राहते का, असे प्रश्न घरच्यांना विचारतात. तुमच्या आईबाबांविषयी मनात ठेवायला मला ती धाटणी अधिक उपयोगी वाटते.

त्या धाटणीने आईकडे पाहू. १४ जणींच्या भिशीत कोणाचे आले, कोणाचे राहिले, कोणी पुढच्या महिन्याचे आधीच मागून घेतले, हे ती वहीत न लिहिता सांभाळते, असे मी गृहीत धरते; तसे असेल तर त्यातला हिशेब शंभरातून सात वजा करण्याहून अवघड आहे. राहिला प्रश्न दुधाचा. दूध दोनदा उतू गेले, यावरून मला अजून काहीच कळलेले नाही. त्या वेळी ती कोठे होती? उतू गेल्याचे तिच्या स्वतःच्या लक्षात आले का? तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, उरलेले दूध वेगळे काढले, की गॅसवर काही ठेवले होते हेच तिला आठवत नव्हते? पहिला प्रकार आपल्या सगळ्यांच्या घरी घडतो, दुसऱ्याची दखल घ्यावी लागते. मला अशीही शंका आहे की दिवाळीपासून ही बाई दोन माणसांचे डोके चालवते आहे. बाबा गोळी घेतील ना, दार उघडे टाकून बाहेर तर गेले नाहीत ना, फोनवर कोणाला काय सांगत आहेत, यांकडे तिचा एक कान सतत लागलेला असेल, तर दुधाकडे लक्ष राहणार कसे?

आणि कानाविषयीच बोलायचे तर, मोठा टीव्ही आणि पुन्हा पुन्हा विचारणे यांसाठी स्मृतीवर बोट ठेवण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. जे नीट ऐकूच आले नाही ते आठवायचे कोठून? शिवाय ऐकू कमी येणे हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा आणि इलाज करता येण्याजोगा घटक आहे; 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात अशा १४ घटकांची यादी असून त्यांकडे आयुष्यभर लक्ष दिले, तर जवळपास ४५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकेल असा अंदाज मांडला आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्यावे.

आता पाहायचे कसे, याविषयी. घरी परीक्षा घेऊ नका. "सांग बरं आज कोणता वार", "या मुलाचं नाव काय" असे प्रश्न नातवंडांसमोर विचारणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रोज वर्गात उभे करणे होय. चाचणीतले प्रश्न त्यांच्याकडून घोटून घेण्याचा मोहही टाळा; त्याने पुढच्या खऱ्या तपासणीचे गुण फुगतात. त्याऐवजी दोन-तीन आठवडे एक वही ठेवा आणि तिच्यात मत न लिहिता घडलेली घटना लिहा. "बाबा विसरतात" हे मत झाले. "मंगळवारी वीजबिल भरल्याचे सांगितले, गुरुवारी पुन्हा भरायला निघाले, पावती दाखवल्यावर चिडले" ही घटना झाली, आणि डॉक्टरांना तीच हवी असते.

एखाद्या सकाळी बाबांसोबत त्यांच्या नेहमीच्या कामाला जा, पण एक पाऊल मागे राहून. रविवार कारंजापर्यंत ते वाट दाखवतात का, दुकानात ठरवलेल्या तीन वस्तू आठवतात का, पाचशेची नोट दिल्यावर सुटे मोजून घेतात की न बघता खिशात टाकतात, हे पाहा. मदतीला पुढे झालेला आपला हात आवरणे हे यात सगळ्यांत अवघड असते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका व्यवसायोपचारतज्ज्ञ (रुग्णाला रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणाऱ्या) बाईंनी एका निवृत्त गृहस्थांना माझ्यासमोर चहा करायला सांगितले होते. गृहस्थ जन्मभर पहाटेचा चहा स्वतः करणारे, कागदावरचे गुणही चांगले. त्यांनी पातेले ठेवले, पाणी मोजून घातले, साखर घातली, चहापत्तीचा डबा घ्यायला वळले, समोर साखरेचा उघडा डबा दिसला आणि त्यातून पुन्हा दोन चमचे साखर घातली. मग पातेल्याकडे पाहत शांत उभे राहिले. शेगडी पेटवलेलीच नव्हती. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीचा हात दोनदा पुढे झाला आणि दोनदा बाईंनी तिला खुणेने थांबवले. बाईंच्या वहीत शेवटी लिहिले होते ते असे: सुरुवात स्वतः, क्रम दोन ठिकाणी तुटला, चूक स्वतःहून लक्षात आली नाही, "अजून काय राहिलं?" एवढे विचारल्यावर शेगडी पेटवली. त्या शेवटच्या नोंदीवरून घरी काय करायचे ते ठरले. ज्याला एका प्रश्नाने पुढची पायरी सापडते, त्याच्याकडून काम काढून घ्यायचे नसते, त्याच्याजवळ प्रश्न विचारणारे कोणी तरी हवे असते.

हे सारे कोणी अचानक करू लागले असेल, म्हणजे दोन-चार दिवसांत बडबड, झोपेचा उलटापालट, कधी शुद्धीत तर कधी गोंधळलेले असे झाले असेल, तर वही वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, नव्या औषधाचा परिणाम, डोक्याला मार लागून मेंदूवर साठलेले रक्त अशी कारणे असू शकतात. तुमच्या पत्रात तशी घाई दिसत नाही. महिन्यांची गोष्ट आहे, त्यामुळे क्रमाने जाता येईल.

पहिली पायरी तुमचे नेहमीचे डॉक्टर. दोघांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर घेतलेल्याही. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या आणि लघवीच्या तक्रारींवरची काही औषधे वृद्धांचे डोके मंद करतात. जीवनसत्त्व ब-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या साध्या आहेत. शाकाहार, वर्षानुवर्षे चाललेली मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी असेल तर ब-१२ मुद्दाम पाहावे. बाबा गप्प झाले आहेत, हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा. वृद्धापकाळातील नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी गप्प राहण्यातून आणि विसरण्यातून दिसते. त्यासाठी १५ प्रश्नांची एक वेगळी छोटी प्रश्नावली असते आणि त्यावर उपचारही होतात. त्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर चाचणी घेतील. जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाखाली स्वतंत्र बाह्यरुग्ण विभागाची तरतूद आहे, तेथूनही सुरुवात करता येते. चाचणी मराठीत, शांत खोलीत, चष्मा लावून आणि शिक्षण किती हे विचारून घेतली जात आहे ना, एवढे तुम्ही नम्रपणे पाहू शकता.

एमआरआय डॉक्टरांनी सांगितला तर जरूर करा. गाठ, रक्तस्राव, छोटे झटके यांसाठी तो लागतो. पण आई स्वयंपाक सुरक्षितपणे करू शकते का आणि बाबा स्वतःचे पैसे सांभाळू शकतात का, हे कोणत्याही चित्रात दिसत नाही.

भावाविषयी थोडे. त्याची भीती खरी आहे, दूर राहणाऱ्याला ती जास्तच असते. परंतु त्याचे तीनही उपाय त्या एका आकड्यावर उभे आहेत. आईचा गॅस बंद करून डबा लावला, तर दूध उतू जाणार नाही हे खरे. पण तिच्या दिवसातील सगळ्यांत सरावाचे काम जाईल आणि मग काही महिन्यांनी व्यवहारांची पट्टी लावली तर घट नक्की दिसेल, तीही आपण घडवलेली. ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होणारी शेगडी किंवा गॅसवर बसवायचे टायमर मिळतात. ओट्याजवळ वाजणारे साधे घड्याळही चालते. बाबांच्या गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांचा डबा घ्या आणि तो रविवारी तुम्ही भरा, म्हणजे आईवरचे एक ओझे उतरेल. पुण्याला नेण्याचा विचार तपासणी पूर्ण होईपर्यंत तरी थांबवा. पंचवटीत बाबा वाट चुकले, तरी ओळखीचे कोणी ना कोणी त्यांना घरी आणून सोडील. पुण्याच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे सगळे दरवाजे सारखे असतात.

घराच्या कागदपत्रांचे मात्र मी स्पष्ट सांगते. चाचणीत १९ गुण मिळाल्याने कोणाचा निर्णयाचा अधिकार जात नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार माणूस तो करार करतेवेळी त्याचा अर्थ आणि स्वतःवर होणारा परिणाम समजू शकतो का, हे पाहिले जाते. मृत्युपत्रालाही ते करतेवेळची समज महत्त्वाची मानतात. आईला घराचे काय करायचे आहे ते आईला विचारा, भाऊ खोलीत नसताना. ती द्यायला तयार असली तरी घाई नको, आणि द्यायचेच झाले तर देखभालीची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी; २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार मग मिळू शकतो. बाबांच्या बाबतीत उलट, आता वेळ दवडू नका. ते व्यवहार समजू शकतात तोवर त्यांच्याच संमतीने खाते संयुक्त करणे, नॉमिनी नोंदवणे, ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी ठेवणे, प्रत्येक व्यवहाराचा संदेश तुमच्या फोनवर येईल असे पाहणे, ही कामे उरकावीत. अनेक कुटुंबे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक समज गेली की त्या पत्राचा अधिकारही संपतो, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते कामाला येत नाही. वकिलाशी बोलताना हा प्रश्न पहिला विचारा.

राहता राहिला आईचा प्रश्न, जो खरे तर पहिला होता. "छे गं, काहीतरीच काय" असे म्हणून तो उडवून लावू नका, तिला ते खोटे धीर देणे वाटेल. शिबिरात तिचे गेलेले निम्म्याहून अधिक गुण शाळेच्या प्रश्नांतले होते आणि शाळा चौथीतच सुटली होती, हे तिला सरळ सांगा. दोन शब्द आठवले नाहीत म्हणून कान, डोळे आणि रक्त आपण तपासून घेणार आहोत, हेही सांगा. तपासणीला दोघांना एकत्र न्या. "तुमची दोघांचीही वार्षिक तपासणी" म्हटले की बाबाही फारसे नाही म्हणणार नाहीत आणि आईवरचा शिक्का पुसट होईल.

मग एका दुपारी बाबा झोपले असताना तिच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, बाबांची कोणकोणती कामं हल्ली तू करतेस?" पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. नवऱ्याची उणीव लेकीसमोर उघडी करणे तिच्या पिढीला जड जाते. तुम्ही मेथी निवडत राहा, ती हळूहळू बोलेल. जे सांगेल ते त्याच दिवशी वहीत उतरवा, आणि तिला झोप लागते का, तिचे स्वतःचे गुडघे, तिची भजनाची संध्याकाळ यांचे काय झाले, तेही विचारा. फार दडपण आले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते, आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक १४५६७ आहे.

शिबिराचा तो कागद आईच्या नजरेसमोरून काढा, पण फाडू नका. त्याच्या मागे तारीख घाला आणि लिहा: शिक्षण चौथी, चष्मा नव्हता, सभागृहात गोंगाट, महिना मराठी सांगितला. बाबांच्या कागदामागे लिहा: तीन शब्दांपैकी शून्य. दोन्ही कागद एकाच फायलीत ठेवून डॉक्टरांकडे न्या, आणि बाबांचा वर ठेवा.